दोन आज्या, एक रॅश

शुभ्राला रॅश आली ती नेमकी आज्यांच्या बदलीच्या आठवड्यात.

शारजात अल मजाजला राहणाऱ्या गुणवंत आणि सुचित्राकडे आज्या पाळीपाळीने यायच्या. एकीचा व्हिजिट व्हिसा संपत आला की दुसरीचा सुरू व्हायचा, आणि मधे काही दिवस दोघी एकत्र असायच्या. गुणवंत ऑफिसातल्या सवयीने त्याला हँडओव्हर म्हणायचा. यंदा सुचित्राची आई कृष्णाबाई नाशिकला परत निघाल्या होत्या आणि गुणवंतची आई नर्मदाबाई गुहागरहून चार्ज घ्यायला आली होती. चार्ज घेताना तिने पहिलं काम काय केलं, तर रांगणाऱ्या नातीला धरून डायपर सोडला.

"हे काय हो विहीणबाई? केवढं लाल झालंय."

"परवापर्यंत काही नव्हतं. तुम्ही यायच्या आदल्या रात्री उठलं."

"म्हणजे माझ्या पायगुणाने?"

"मी तसं कुठं म्हटलं? आदल्या रात्री म्हटलं."

गुणवंत त्या आठवड्यात घरून काम करत होता, ही त्याची चूक. सुचित्रा रोज सकाळी दुबईच्या बसला निघून जायची आणि तो हेडफोन लावून दोन आघाड्यांच्या मधोमध बसायचा.

कृष्णाबाईंचा उपाय म्हणजे शंभर वेळा पाण्याने धुतलेलं तूप. ते तांब्याच्या ताटात घोटायचं असतं. ह्या घरात तांबं नव्हतं, म्हणून त्यांनी स्टीलच्या ताटात स्टीलच्या वाटीच्या बुडाने तूप घोटायला घेतलं. त्या आवाजात गुणवंतच्या दोन मीटिंगा वाहून गेल्या. "स्टीलमध्ये त्याला गुण येत नाही," एवढंच नर्मदाबाई म्हणाली आणि शुभ्राच्या झबल्यांत गुंडाळून आणलेली घाण्याच्या खोबरेलाची बाटली तिने बॅगेतून काढली.

मग सुरू झालं. एकीने लावलं की दुसरी पोरीला आत न्यायची, कोमट पाण्याने सगळं धुऊन काढायची, खसाखसा पुसायची आणि स्वतःचं लावायची. तूप गेलं, तेल आलं. तेल गेलं, तूप आलं. शुभ्राला वाटलं असावं की हेच आयुष्य. ती बिचारी बाथरूमचं दार दिसलं तरी भोकाड पसरायला लागली.

"गुणवंतराव, जरा बघा. तुपाने कमी वाटतंय ना?"

"हो, वाटतंय खरं."

थोड्या वेळाने आई यायची. "गुणा, बघ रे. त्या तुपाने वाढलंय ना?"

"हो, वाढलंय."

तो खोटं बोलत नव्हता. त्याला खरंच काही कळत नव्हतं. लाल ते लालच दिसायचं.

रॅश नुसती रॅश राहिली असती तरी चाललं असतं. पण बुधवारी कृष्णाबाईंनी जाहीर केलं, "पोर अशी लाल ठेवून मी विमानात बसायची नाही. उद्या गुहागरभर बोभाटा होईल की नाशिकच्या आजीने पोरीचे हाल केले."

"मग मी कशाला आले?" नर्मदाबाईने विचारलं. "दोघींचं काय काम? माझंच तिकीट काढ गुणा. मी जाते परत."

दोघी खऱ्याच दुखावल्या होत्या आणि दोघींचे डोळे भरले होते. गुणवंतचं अवसान गेलं. आईला आल्यापावली परत पाठवायचं, की शुभ्राच्या दहा महिन्यांतले निम्मे दिवस तिच्यासाठी राबलेल्या सासूबाईंना अपमान गिळून जायला लावायचं? ट्रॅव्हल एजंटचे फोन येत होते. शेवटी त्याने सुचित्राला फोन केला.

"माझ्या आईला जा म्हणू नकोस," सुचित्रा दबक्या आवाजात म्हणाली. "आणि तुझ्या आईलाही म्हणू नकोस."

"मग करू काय?"

"ते तू ठरव. मी मीटिंगमध्ये आहे."

म्हणजे रॅश जाणं हा एकच मार्ग उरला. गुरुवारी सकाळी नर्मदाबाईने निदान केलं, "अरे, ही ओल आहे. ओलीला धुरी पाहिजे." गुणवंत मुकाट्याने खालच्या सुपरमार्केटात गेला आणि बखूर, म्हणजे अरबी धूप, जाळायची छोटी शेगडी आणि कोळशाच्या वड्या घेऊन आला. अरबांच्या घरात तीच वापरतात, तेव्हा इथल्या हवेला चालत असणार, असं त्याने स्वतःला समजावलं.

नर्मदाबाईने निखाऱ्यावर ओवा आणि वावडिंग टाकलं. धुरी म्हटल्यावर कृष्णाबाई मागे कशाला राहतील? "आमच्याकडे बाळंतशेपा घालतात," म्हणत त्यांनी शेपा टाकल्या. नर्मदाबाईने लसणाच्या साली टाकल्या. कृष्णाबाईंनी आणखी ओवा टाकला. वारा लागेल म्हणून खिडक्या बंद होत्या, एसीही बंद होता. शुभ्राला डायपर काढून धुरीपासून हातभर अंतरावर धरायचा अवकाश, की छताला लावलेलं धुराचं यंत्र किंचाळायला लागलं. पाठोपाठ मजला किंचाळला आणि मग सगळी बिल्डिंग.

वॉचमन जिन्याने धावत वर आला. "सर, आग किधर?"

"आग नहीं. बेबी को धुआँ दिया."

"बेबी को?"

"मतलब, पीछे से."

वॉचमनने गुणवंतकडे असं पाहिलं, की पुढचं सांगायची त्याला हिंमत झाली नाही. "यल्ला, सब नीचे," एवढं म्हणून तो पुढच्या दाराकडे पळाला.

थोड्याच वेळात अख्खी बिल्डिंग खाडीकाठच्या फुटपाथवर उभी होती. कुणी घरच्या कपड्यांत, कुणी डोक्याला मेंदी लावलेली, कुणी जेवणाचा डबा घेऊन. गुणवंतच्या खांद्यावर टॉवेलात गुंडाळलेली शुभ्रा होती आणि टॉवेल काही जागेवर राहत नव्हता. सगळ्या राष्ट्रांनी रॅश पाहिली. मनिलाची अलिना म्हणाली, कॉर्नफ्लॉवर लाव. पेशावरचे एक चाचा म्हणाले, सरसों का तेल. एका मल्याळी काकूंनी कुठल्याशा पाल्याचं नाव दोनदा सांगितलं. गुणवंत सगळ्यांना थँक यू म्हणत होता. फायर ब्रिगेडच्या माणसालाही त्याने थँक यू म्हटलं, आणि तो तर फक्त बाजूला व्हा म्हणाला होता.

तेवढ्यात नवव्या मजल्यावरच्या डॉक्टर एमान पुढे आल्या. त्या इजिप्तच्या, मुलांच्या डॉक्टर. त्यांनी टॉवेल बाजूला करून नीट पाहिलं आणि इंग्रजीत विचारलं, काय काय लावता? गुणवंतने तूप सांगितलं, तेल सांगितलं, पुसणं सांगितलं, आणि शेवटी धुरी सांगितली. डॉक्टरांनी मान वर करून बिल्डिंगकडे पाहिलं, मग फायर ब्रिगेडच्या गाडीकडे.

"सो इट वॉज यू," त्या म्हणाल्या.

मग त्या बराच वेळ बोलल्या. दोन्ही आज्या गुणवंतच्या तोंडाकडे बघत होत्या.

"काय लाव म्हणाली?" नर्मदाबाईने विचारलं.

"काही नाही."

"एवढा वेळ बोलत होती, आणि काही नाही?"

"धुऊन हलकं टिपायचं, घासायचं नाही. आणि जमेल तितका वेळ डायपर न घालता मोकळं ठेवायचं. दोन-तीन दिवसांत कमी नाही झालं तर क्लिनिकला आणायचं. खलास."

"परत विचार. काहीतरी राहिलं असेल," कृष्णाबाई म्हणाल्या.

"फी दिली नाही म्हणून सांगत नसेल," नर्मदाबाई म्हणाली.

"तेच म्हणते मी. काहीच लावू नका ह्याला काय औषध म्हणायचं?"

आल्यापासून दोघींचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं. गुणवंतला ते आवडलं, पण घाबरायलाही झालं.

वर जायला मिळेपर्यंत दुपार टळली होती. शुभ्रा सगळा वेळ खाडीच्या वाऱ्यावर मोकळी होती, आणि घरी येऊन पाहतात तो लाली जरा उतरल्यासारखी. जरा म्हणजे किती, ह्यावर वाद झाला, पण उतरलीय हे दोघींनी मान्य केलं. तूप फ्रिजमध्ये गेलं, तेल बॅगेत गेलं आणि शुभ्रा हॉलमध्ये उघडी सुटली.

उघडं मूल रांगतं ठेवणं म्हणजे काय, हे पहिल्या तासात कळलं. गालिचा झाला, सोफा झाला, गुणवंतची लॅपटॉपची बॅग झाली. एकीने मागे धावायचं आणि दुसरीने फडकं घेऊन तयार राहायचं, दुसरा इलाज नव्हता.

"हे एकटीचं काम नाही," कृष्णाबाई धापा टाकत म्हणाल्या.

"नाहीच मुळी," नर्मदाबाई म्हणाली. "ती दुबईला, हा मीटिंगमध्ये. एकटीने कुठं कुठं पुरं पडायचं?"

गुणवंतने लगेच एजंटला फोन लावला. कृष्णाबाईंचं तिकीट पुढे ढकला, व्हिसा वाढवा, रॅश जाईपर्यंत. एजंट म्हणाला, सर, व्हिसाला तारीख लागते, रॅश चालत नाही. मग महिना ठरला.

पुढच्या आठवड्यात गुणवंत परत ऑफिसला जाऊ लागला. घरात पाळ्या लागल्या, फडकी वाळू लागली. संध्याकाळी दोघी गॅलरीत पोरीला घेऊन बसायच्या आणि गुहागरच्या भाऊबंदकीपासून नाशिकच्या पापडांपर्यंत सगळं बोलायच्या. गुणवंत आल्यावर रोज विचारायचा, "रॅश कशी आहे?"

"आहे अजून," एक म्हणायची.

"चिवट आहे," दुसरी म्हणायची.

बघू म्हटलं तर पोर नुकती झोपलेली असायची, नाहीतर नुकतंच तिला दुपट्यात गुंडाळलेलं असायचं. त्याला काळजी वाटायला लागली. डॉक्टर तर दोन-तीन दिवस म्हणाल्या होत्या. एका संध्याकाळी तो क्लिनिकची वेळ घेऊनच लवकर घरी आला.

दार उघडलं तर शुभ्रा उघडीच, समोरून रांगत येत होती. त्याचा बूट धरायला ती वाकली आणि तिची पाठ गॅलरीच्या उजेडाकडे झाली. गुणवंतने नीट पाहिलं. दुसऱ्या बाजूने वाकून पाहिलं. लालीचा मागमूस नव्हता, आणि आजची गेलेली दिसत नव्हती. चांगली आठवड्यापूर्वीच गेली असावी.

त्याने वर पाहिलं. दोघी गवार मोडत बसल्या होत्या. दोघींचे हात थांबले होते.

"एजंट विचारत होता," तो म्हणाला, "नाशिकचं तिकीट कधीचं काढायचं."

 मग त्याची आई गवारीकडे बघत म्हणाली, "अजून आहे रे जराशी."

"आतल्या अंगाला आहे," कृष्णाबाई घाईने म्हणाल्या. "तुम्हाला नाही दिसायची."

इतके दिवस गुणवंतला ह्या घरातलं काहीएक कळलं नव्हतं. हे मात्र त्याला लख्ख कळलं, आणि त्याला फार बरं वाटलं. त्याने शुभ्राला उचललं, पुन्हा एकदा गंभीरपणे तिची तपासणी केली.

"दिसतेय की मला," तो म्हणाला. "चांगलीच आहे. व्हिसा संपेपर्यंत काही जायची नाही."