दुसरा सॅक्सोफोन

जर्मनीत, ब्राउनश्वाइगमध्ये आमच्या वरच्या मजल्यावर रोज दुपारी तीनला सॅक्सोफोन सुरू होतो आणि थोड्याच वेळात बंद पडतो. मग खणखणीत आवाज येतो, "आइन्स, त्स्वाय, द्राय, फिअर!" बरंच मोजून झालं की पुन्हा सॅक्सोफोन. सुरुवातीला मला वाटलं, म्हातारा दम खातोय.

जिन्यात भेटले तेव्हा हात पुढे करून म्हणाले, "ब्रांट. दुसरा सॅक्सोफोन." जणू ते आडनावच. चाळीस वर्षं डान्स ऑर्केस्ट्रात काढली. कधी जहाजावर, कधी हॉटेलात, हिवाळ्यात जाझ क्लबात. खुर्ची कायम दुसरी. चाल पहिल्याने वाजवायची, यांनी खालून साथ द्यायची. घरीही ते फक्त आपलाच भाग वाजवतात आणि पहिल्याची पाळी आली की मात्रा मोजत बसतात.

"मग चालही वाजवा की," मी म्हणालो.

"ती माझी नाही."

"आणि टाळ्या?"

"पहिल्याला. गेनाऊ, अगदी बरोबर."

उन्हाळ्यात पुण्याहून आई आली. तिचा जन्म गाण्याच्या बैठका ऐकण्यात गेलेला. एकदा बाल्कनीत भाजी निवडताना वरून सुरांची एक जागा अशी काही आली की ती जोरात म्हणाली, "वाह! क्या बात है!"

सॅक्सोफोन थांबला. दोन मिनिटांत ब्रांट आमच्या दारात, चेहरा पडलेला. "माझं काय चुकलं?" इथे शेजारी ओरडतो तो तक्रार करायलाच. मी दाद म्हणजे काय ते समजावलं.

"वाजवणं चालू असताना?"

"हो."

"मला?"

"तुम्हालाच."

"अरे, परत वाजवा म्हणावं त्यांना," आई आतून म्हणाली.

त्यानंतर रोज तीच जागा आणि तीच दाद. सप्टेंबरात आई परत गेली.

मागच्या आठवड्यात त्यांचं पार्सल द्यायला वर गेलो. नोटेशनच्या पिवळ्या कागदावर एके ठिकाणी पेन्सिलीने, रोमन अक्षरांत 'वाह' लिहिलेलं होतं.

"आता तिथेही थांबून मोजतो," ते म्हणाले. "दोन मात्रा."

मला फार वाईट वाटलं. दुसऱ्या दिवशी तीन वाजता ऑफिसची मीटिंग म्यूट करून बाल्कनीत गेलो आणि ती जागा येताच ओरडलो, "वाह!"

सॅक्सोफोन थांबला.

"त्सु फ्र्यू!" वरून आवाज आला. फार लवकर!

आणि त्यांनी पहिल्यापासून सुरू केलं. मी मीटिंग विसरून कठड्याशी उभा राहिलो आणि मोजू लागलो, आइन्स, त्स्वाय.