बावन्न हिस्सेदारांची खोली

मला कुणी काही विकून दाखवावं! बोहारणीपासून विमा एजंटापर्यंत सगळे माझ्या दारातून हात हलवत परत गेलेत. त्यामुळे फोनवर एक गोड आवाज म्हणाला, "मॅडम, तुमचा नंबर लागलाय! जोडीनं हॉटेलात या, दोन तास सुट्टीची स्कीम ऐका, डिनर सेट घेऊन जा," तेव्हा मी पृथ्वीराजना ठणकावून सांगितलं, "ऐकायचं, समोसा खायचा, डिनर सेट उचलायचा आणि घरी!"

"आणि सही केलीस तर?" हे हसले. ह्यांच्या खिशात चेकबुक होतं, आणि बँकेत स्कूटरसाठी साठवलेले पंधरा हजार.

"मी? सही?"

सोबत आठ महिन्यांची अनुजा, आणि तिला सांभाळायला मुरगूडहून आलेल्या सासूबाई.

हॉलमध्ये एसी होता. एका टायवाल्यानं गोव्यातल्या खोलीचा फोटो पुढे केला. "वर्षातला एक आठवडा ही खोली तुमची. पंचवीस वर्षं!" आणि तिथंच घात झाला. अनुजा माझ्या मांडीवर झोपली! दात येताहेत म्हणून तीन दिवस घर डोक्यावर घेणारी माझी बाई, त्या गारव्यात लोण्याच्या गोळ्यासारखी पडली. मूठ उघडी, ओठांवर दुधाचं हसू. आता उठायचं कसं?

"मॅडम, थांबू का?"

"छे छे, चालू ठेवा! फक्त हळू बोला."

त्याला वाटलं, बाई गळाला लागल्या. त्यानं साहेबांना बोलावलं, साहेबांनी मोठ्या साहेबांना. तिघेही वाकून माझ्या कानाशी कुजबुजायला लागले. शेजारच्या टेबलावर कागलचे हंबीरराव म्हणून एक पावणं होते. त्यांनी कान टवकारले.

"त्यास्नी कानात कसली सूट देतायसा? आमालाबी तीच पायजे की!"

धडाधड खुर्च्या सरकल्या. निम्मा हॉल आमच्याभोवती! आणि मी? मी फोटोतल्या पांढऱ्याशुभ्र पलंगाकडे बघत होते. एक आठवडा. दुपटी नाहीत, बाटल्या उकळणं नाही, नुसती झोप...

"अहो, पेन द्या."

ह्यांचा समोसा हातातच राहिला!

"थांब जरा," सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज नेहमीचाच, म्हणजे चार शिवारं ओलांडणारा. "एक आठवडा आमचा. बाकीचं कुणाचं?"

"दुसऱ्या मेंबरांचे, आजी."

"म्हंजे एका खोलीला बावन्न हिस्सेदार! आमच्या विहिरीवानीच की. आमी चौघंच हाय, तरी उन्हाळ्यात कुऱ्हाडी निघत्यात. बरं, आमचा आठवडा आला आन् पोरगी तापली, तर?"

"पुढच्या वर्षी घ्यायचा. जागा असली तर."

"असली तर! आन् मोटर जळली तर?"

"मोटर?"

"अरं बाबा, खोली गळली, पलंग मोडला, तर कोण करणार?"

"देखभालीची वर्गणी असते ना, दरवर्षी."

"आमी आलोच न्हाय, तरी?"

साहेबांनी मोठ्या साहेबांकडे बघितलं. मोठे साहेब एसीत घामाघूम. "...हो."

"म्हंजे उसाला थेंब न्हाय, तरी मोटरीची पट्टी भरायची!"

"मावशी," हंबीरराव ओरडले, "दिवाळीचा आठवडा कुणाला, तेबी विचारा!"

सगळा हॉल खदखदून हसला आणि अनुजा भोंग्यासारखी जागी झाली. मोठ्या साहेबांनी स्वतःच्या हातांनी डिनर सेट आणून दिला आणि आम्हाला रिक्षापर्यंत सोडलं. सासूबाई तिसरी शिकलेल्या! मी पदवीधर, पण दोन तासांत जो प्रश्न मला सुचला नाही, तो त्यांनी विहिरीतून काढला.

तरी रिक्षात माझे डोळे भरून आलेच. सासूबाईंनी ते बघितलं.

"तुला गोवा न्हवं, झोप पायजे व्हती. व्हय की न्हाय? मग वर्सातला एक आठवडा मुरगूडला ये. पोरगी माझी. तू निस्ती झोप. वर्गणी न्हाय."

तर सध्या मी मुरगूडला आहे. माझ्या हक्काच्या आठवड्याचा तिसरा दिवस. दुपार, धुतलेली चादर, मऊ उशी. पलीकडच्या खोलीत अनुजा आजीच्या कुशीत गाढ झोपलीय. आणि मी टक्क जागी! चार वेळा तिचा श्वास बघून आले. चौथ्यांदा सासूबाईंनी डोळे न उघडताच हाकललं, "हिस्सेदार, आपल्या खोलीत जावा!"

झोप येईना, म्हणून हे लिहून काढलं. आता पाचव्यांदा जाते. नुसती दारातूनच बघून येते.