झिंबारींसाठी राखीव कुंड

एका जंगलात, मुलांनो, जिथे झाडांपेक्षा समित्या दाट होत्या, एक साळिंदर राहत होतं. सगळे त्याला साळिंदरसर म्हणायचे. त्याच्या अंगावर इतके काटे होते की लिहायला टाक कधी कमी पडत नसे. मग ते लिहायचं.

सरांचा विषय होता झिंबारी.

झिंबारी म्हणजे आकाशातल्या एका दूरच्या ताऱ्यावर राहणारे जीव. ते कुणी पाहिले नव्हते. सरांनीही नाही. एकदा टिटवीने धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला झिंबारी भेटलेत का हो कधी?"

सर तिच्याकडे करुणेने बघत म्हणाले, "टिटवे, बघून कुणीही लिहील. न बघता लिहायला अभ्यास लागतो."

टिटवीने लगेच मान डोलावली. तिला तसंही कशाचंही दडपण यायचं.

तर सरांनी लिहिलं होतं की झिंबारींना तीन पोटं असतात. एक भुकेचं, एक रागाचं आणि एक पाहुण्यांसाठी. ते रडतात कानांतून. कुणी भेटलं की ते पाठ फिरवतात आणि उलट्या पावलांनी जवळ येतात, हा त्यांचा नमस्कार. ते फार हळू आवाजात बोलतात. कुणावर रागावत नाहीत. आणि मोठ्यांना कधीही उलट उत्तर देत नाहीत.

हे शेवटचं वाक्य सिंहमहाराजांना इतकं आवडलं की त्यांनी ते परत परत वाचून घेतलं. "वा! काय संस्कृती आहे!" ते म्हणाले. "असे नागरिक आम्हाला का मिळत नाहीत?"

झालं. जंगलात झिंबारींची लाट आली. सशांनी पिल्लांना झिंबारीच्या शिकवणीला घातलं. लग्नात नवरा-नवरी कानांत पाणी घालून उभे राहू लागले. पाहुण्यांचं पोट डावीकडे की उजवीकडे, यावरून माकडांत दोन तट पडले आणि जमलेली सोयरीक मोडली. हरणं उलट्या पावलांनी चालायला शिकली. वाघाने त्या काळात झिंबारी संस्कृतीला पुष्कळ प्रोत्साहन दिलं.

जंगलात गरम पाण्याचं एकच कुंड होतं. हिवाळ्यात सगळे तिथे अंग शेकायचे. महाराजांनी त्याला काटेरी कुंपण घातलं आणि पाटी लावली: 'झिंबारींसाठी राखीव'. ते कधी ना कधी येतीलच, तेव्हा आपली लाज राहायला हवी, असं सरांचं म्हणणं होतं. कोल्ह्याला रखवालदार नेमलं.

तरसआजीचे गुडघे थंडीत धरायचे. ती रोज कुंपणापाशी येऊन वाफ बघायची.

"कोल्होबा, नुसते पाय बुडवू दे रे. कोण बघतंय?"

"आजी, उद्या झिंबारी आले आणि पाण्याला तरसाचा वास आला, तर माझी नोकरी जाईल."

"आले तर ना!"

"हे असं बोलू नका. हे जंगलविरोधी आहे."

आणि एके दिवशी, मुलांनो, धप्प! दचकलात ना? लिहिताना मीही दचकले. कोरड्या ओढ्यात आकाशातून काहीतरी पडलं होतं.

सगळ्यांत आधी तिथे टिटवी पोचली. समोर फणसाएवढा एक जीव बसला होता. भोपळ्याच्या रंगाचा, चार हातांचा, पाठीला पिशवी. टिटवी इतकी घाबरली की ओरडतच सुटली. "कोण गं तू? इथे काय करतेस? असं कुणी पडतं का! कुणाच्या डोक्यात पडली असतीस म्हणजे? काही कळतं की नाही?"

तो जीव मान हलवत मन लावून ऐकत राहिला. टिटवीचा घसा बसल्यावर म्हणाला, "बाई गं, किती छान शिकवलंस! आता मला तुमची भाषा येते."

टिटवीची चोच उघडीच राहिली.

"आमच्याकडे भाषा रागावूनच शिकवतात," तो जीव म्हणाला. "गोड बोललेलं आमच्या डोक्यात शिरतच नाही. मी ओलूम. गाडी बिघडली माझी. आणि हे बघ."

ओलूमने पाठीवरची पिशवी उघडली. आत पपईएवढं जांभळं अंडं होतं. आतून टकटक आवाज येत होता.

"माझं बाळ. त्याला गरम पाणी हवं, नाहीतर गारठून जाईल. आणि रागावणारी माणसं हवीत. आमच्यात अंड्याभोवती सगळं घर जमतं आणि त्याला रागावत बसतं. आतून बाळ टकटक करतं, म्हणजे उत्तर देतं. बाहेर आल्यावर ते पहिलं उलट उत्तर देतं ना, त्या दिवशी बारसं. तोवर नाव नाही. इथे गरम पाणी आहे का गं?"

"आहे की!" टिटवी आनंदाने किंचाळली. "तुमच्यासाठीच राखून ठेवलंय!"

बिचारी टिटवी. तिला वाटलं, आकाशातून कुणीतरी आलं म्हणजे आता सगळं सोपं झालं.

कुंडापाशी कोल्ह्याने ओलूमला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "झिंबारी आहात?"

"तसं कुणी आम्हाला म्हणत नाही."

"मग सरांचा दाखला आणा."

दाखल्यासाठी सभा भरली. महाराज शिळेवर बसले. सर काटे परजून समोर आले.

"पोटं किती?"

"एक."

"नीट मोजलंत?"

"अहो, भूक एकदाच लागते."

"रडता कुठून?"

"डोळ्यांतून. तुम्ही कुठून रडता?"

सभेत कुजबुज झाली. सरांनी खेदाने मान हलवली. "महाराज, ही बाई आकाशातून आली असेल, ते मी नाकारत नाही. पण स्वतःबद्दलचा तिचा अभ्यास फारच कच्चा आहे."

"पण मी खरोखर वरून आले आहे हो!" ओलूम कळवळून म्हणाली. "माझं अंडं थंड पडतंय. आधी पाणी द्या, मग काय हवं ते विचारा!"

"बघा," सर म्हणाले. "उलट उत्तर. झिंबारी असं कधीच करत नाहीत."

महाराजांनी जांभई दिली. "पौर्णिमेला फेरपरीक्षा घ्या. बाई, सरांचं पुस्तक वाचून या."

ओलूम पुस्तक वाचू लागली. दुसरं काय करणार? टिटवी तिची तयारी करून घ्यायची. उलट्या पावलांनी चालताना ओलूम दगडाला ठेचकाळायची, आणि तोंडाशी आलेला राग गिळायची. झिंबारी रागावत नाहीत ना. कोल्हा झुडपाआडून लक्ष ठेवून असायचा. अंड्याला कुशीत घेऊन ती दिवसभर हळू आवाजात पाठ करायची, "आपण म्हणाल तसं. आपली इच्छा तीच आमची इच्छा."

अंड्यातली टकटक मंद होत चालली.

"अगं, रागाव की त्याला थोडं!" टिटवी म्हणाली.

"कोल्ह्याने ऐकलं म्हणजे? नापास झाले तर पाणी नाही. पाणी नाही तर बाळ नाही." ओलूमने डोळे पुसले. "आधी पास होते. रागवायला जन्म पडलाय."

तरसआजीने आपली शेपटी अंड्यावर पांघरली. तिच्याच्याने तेवढंच होण्यासारखं होतं.

पौर्णिमेला ओलूम सभेत आली ती पाठमोरी. पोटाच्या ढिल्या कातडीत टिटवीने दोन कवठं बसवून दिली होती. कानांत ओढ्याचं पाणी भरलं होतं.

"पोटं किती?"

"आपण म्हणाल तितकी."

महाराजांनी कान टवकारले. "पुढे बोला, पुढे बोला."

"आमच्या जंगलाबद्दल काय वाटतं?" सरांनी विचारलं.

ओलूमने मान कलती केली. कानातून टपटप पाणी गळलं. सभा भारावून गेली. माकडांचे दोन्ही तट पुढे आले आणि त्यांनी कवठं चाचपून बघितली. एक डावीकडे, एक उजवीकडे. दोघांनीही विजयाच्या आरोळ्या ठोकल्या.

दाखला मिळाला.

ओलूम धावत सुटली. चारही हातांनी अंडं छातीशी धरून, सरळ पावलांनी. तिने ते कुंडात सोडलं. वाफेत ते एकदा बुडालं, वर आलं आणि तडकलं. आतून भोपळ्याच्या रंगाचं, मुठीएवढं पिल्लू बाहेर आलं.

आता ओलूमला भान राहिलं नाही. ती आपल्या भाषेत रागावू लागली. पोट भरून, मन भरून. त्या आवेशात एक कवठ सटकलं आणि गडगडत कोल्ह्याच्या पायाशी आलं. तिकडे तिचं लक्षच नव्हतं. ती बाळाच्या पहिल्या उलट उत्तराची वाट बघत होती.

बाळाने आईकडे बघितलं. पाठ फिरवली. उलट्या पावलांनी जवळ आलं आणि हळू आवाजात म्हणालं, "आपण म्हणाल तसं."

सगळं जंगल टाळ्या वाजवू लागलं. सर गहिवरले. "महाराज! मी लिहिलं होतं अगदी तसंच! अस्सल झिंबारी!"

ओलूमच्या डोळ्यांतून पाणी आलं. डोळ्यांतून रडल्यामुळे तिचा दाखला जागच्या जागी रद्द झाला. कवठ तर पुरावाच होता.

"बाई, बाहेर व्हा," कोल्हा म्हणाला.

"अहो, मी त्याची आई आहे!"

"असाल. पण तो झिंबारी आहे. तुम्ही नाही."

पिल्लू कुंडात राहिलं. रोज त्याला बघायला रांग लागायची. ससे पिल्लांना म्हणायचे, "बघ, कसा शहाण्यासारखा वागतो. नाहीतर तू!" महाराज येऊन विचारायचे, "आम्ही राजा म्हणून कसे आहोत?" पिल्लू म्हणायचं, "आपण म्हणाल तसे." महाराजांचा दिवस चांगला जायचा.

आणि रोज संध्याकाळी रांग पांगली की ओलूम कुंपणापाशी उभी राहायची आणि बाळाला रागवायची. "कानामागे घास! किती वेळ पाण्यात! बोटं बघ कशी सुरकुतली!" कोल्ह्याला तिची भाषा कळत नसे. त्याला वाटे, बाई आपल्या नशिबाला शिव्या घालते आहे. तशा शिव्यांना बंदी नव्हती.

टिटवी शेजारच्या दगडावर बसून साथ द्यायची. तिला भाषा येत नव्हती, पण ओरडता येत होतं. तरसआजी तिथेच बसून गुडघे चोळायची.

पिल्लू पाठ फिरवून बसायचं. कधी कधी मान जराशी वळायची. मग पाण्यातून एक बोट टकटक करायचं, कुंडाच्या दगडावर. ते ओलूमने ऐकलं त्या दिवशी ती घसा बसेपर्यंत रागावली.

पुढे एकदा महाराजांनी शेजारच्या जंगलाच्या राजाला मुद्दाम झिंबारी दाखवायला आणलं. सरांनी प्रास्ताविक केलं. ते लांबलं. संध्याकाळ झाली. ओलूमची वेळ झाली.

"बाळा!" ती कुंपणाबाहेरून गरजली. "अंधार पडला, गार वारा सुटलाय, आणि अजून तू पाण्यात? ये बघू बाहेर!"

पिल्लू गर्रकन वळलं. चारही हात कमरेवर ठेवले. आणि जंगल दणाणून टाकत म्हणालं, "नाही येत जा! मला इथे गरम वाटतंय! तूच ये ना आत! आणि ह्या मिशीवाल्यालाही घे, रोज तेच तेच विचारतो!"

पहिलं वाक्य आईच्या भाषेत होतं. बाकीची टिटवीकडून उचललेली, त्यामुळे सगळ्यांना समजली.

पाहुणा राजा खोकला. महाराजांच्या मिशा ताठ झाल्या. सरांच्या अंगावरचा एक काटा आपोआप गळून पडला.

"सर," महाराज हळू आवाजात म्हणाले, "हे काय आहे?"

सरांनी पिल्लाकडे जन्मात प्रथमच बघितल्यासारखं बघितलं. "महाराज, हा झिंबारी नाही. झिंबारी उलट उत्तर देत नाहीत. मला पहिल्यापासून संशय होता."

कोल्ह्याने पिल्लाला मानगुटीला धरून कुंपणाबाहेर ठेवलं. ओलूमने त्याला चारही हातांनी उचललं आणि इतकं रागावली, इतकं रागावली की टिटवीलाही रडू कोसळलं. पिल्लू दर वाक्याला उलट उत्तर देत होतं. बारसं तिथेच झालं. नाव आपल्याला उच्चारता यायचं नाही. त्यासाठी मधेच दोनदा डाफरावं लागतं.

गर्दी पांगली. कुंड रिकामं झालं. वाफ तेवढी वर येत राहिली.

तरसआजी लंगडत पुढे आली. "सर, आता आत कुणीच नाही. गुडघे बुडवू का?"

"आजी!" सर दुखावल्या आवाजात म्हणाले. "पाटी वाचता येत नाही का? ते राखीव आहे."

"आता कुणासाठी?"

"खऱ्या झिंबारींसाठी."

तात्पर्य : मुलांनो, चांगली जागा नेहमी अशा पाहुण्यासाठी राखून ठेवावी, जो कधीच येणार नाही. म्हणजे आलेल्यांना आणि असलेल्यांना हाकलताना आपण आतिथ्यशील ठरतो. आणि मोठ्यांना उलट उत्तर देऊ नये. दिलं तर तुम्हाला तुमच्या आईकडे परत पाठवण्यात येईल.