पुरे म्हणणारं जनुक

अकोल्याच्या कॉलेजात दुपारी एक वाजता सहदेवला निवड समितीसमोर व्याख्यान द्यायचं होतं. ते साधलं तर कायमची नोकरी. नाहीतर अमरावतीची हंगामी नोकरी मार्चअखेर संपतच होती. साल एकोणीसशे एकोणसत्तर. घराण्यातला हा पहिला एम.एस्सी., आणि विषयही त्यानं असा निवडला होता की एस.टी.त बसल्या बसल्या त्याच्या अंगावर काटा येत होता. माणसाच्या पेशीत वाढीला आवर घालणारं एखादं जनुक असावं, ते बिघडलं की पेशी वाढतच सुटतात आणि गाठ होते, असा काही शास्त्रज्ञांना संशय होता. अजून ते कुणालाच सापडलं नव्हतं, याचा सहदेवला जास्त आनंद. मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं शेजारच्या म्हाताऱ्याला सगळं समजावलं, आणि म्हाताऱ्यानं जागा बदलली.

दहाला अकोला आलं. तीन तास हाताशी होते म्हणून तो मनकर्णामावशीकडे टेकला, आणि तिथंच फसला. वऱ्हाडात पाहुण्यानं "भूक नाही" म्हटलं तर त्याला भूक नाही असं कुणी समजत नाही. पाहुणा भिडस्त आहे, आग्रह कमी पडतो आहे, एवढंच समजतात. मावशीनं निखाऱ्यावर भाजून तुपात कुस्करलेले कणकेचे चार रोडगे आणि वांग्याची भाजी पुढ्यात ठेवली.

"मावशी, मले दुपारी भाषन द्याचं हाय."

"मंग तं खायलेच पायजे. उपाशी मानसाचा आवाज निंगते का?"

पाचवा रोडगा कसाबसा संपवून तो बाहेर पडला, तर कोपऱ्यावर दुर्गाबाईआत्या उभी. तिचं आणि मावशीचं दोन वर्षं बोलणं नव्हतं.

"जय भीम, आत्या. मी जेवून आलो."

"कोनाकडं?"

सहदेव शास्त्राचा माणूस. त्यानं खरं सांगितलं, रोडग्यांच्या आकड्यासकट.

"तिच्याकडं जेवला अन् माह्याकडं नाई? काहून रे, माह्या चुलीले जाळ नाई लागत? चाल!"

आत्याकडे पुरणपोळ्या होत्या. दोन खाल्ल्यावर तो "पुरे" म्हणाला, तर आत्यानं विचारलं, "तिथं पाच रोडगे चालले, इथं दोनच?" हिशेब बिनतोड होता. सहदेवनं पाच पोळ्या खाल्ल्या.

कॉलेजच्या पायऱ्या चढताना पँटचं बटण तुटून कुठल्या कुठं उडालं. पट्टा नव्हताच. डाव्या हातानं पँट घट्ट धरून तो समितीपुढं उभा राहिला. पण खडू हाती आला आणि बेटा पोट विसरला. पेशी कशी वाढते, कशी दुभंगते, कुठं थांबते, सगळं एका हातानं भराभर काढत गेला. समितीवरचे म्हातारे डॉक्टर किसनराव खुर्चीच्या टोकाशी सरकले.

अध्यक्ष केशवराव मात्र कपाळाला आठ्या घालून म्हणाले, "ते सगळं ठीक. पण आवर घालतं म्हणजे नेमकं काय करतं हो हे जनुक? मला कळेल असं सांगा."

नोकरी या एका उत्तरावर होती. सहदेवच्या डोक्यात लख्ख उजेड पडला.

"साहेब, वाढणारा आग्रह करत येतो. तेव्हा आपण ताटावर हात आडवा धरतो ना? ते जनुक म्हणजे तो हात! माझा हात आज दोन घरी आडवा आला नाही. हा असा!"

आणि उत्साहाच्या भरात त्यानं डावा हात टेबलावर आडवा धरला.

पँट सरळ घोट्यांशी गेली. खाली पट्ट्यापट्ट्याची चड्डी होती.

"समजलं," डॉक्टर किसनराव शांतपणे म्हणाले. "तीस वर्षं गाठी कापतोय, पण हात निघाला की काय होतं ते इतकं स्वच्छ कुणी दाखवलं नव्हतं."

मग हसू फुटलं ते पाच मिनिटं आवरेना. सहदेव लाजेनं अर्धमेला होऊन पँट वर ओढत होता. नोकरी गेली, आता घरी काय तोंड दाखवू, एवढंच त्याच्या मनात होतं. केशवरावांनी डोळे पुसले आणि कागदावर सही केली.

"सोमवारपासून या. हा धडा दरवर्षी असाच शिकवायचा. प्रात्यक्षिक तेवढं वगळा."

सहदेवला आनंद मावेना. त्यानं तत्काळ दोन्ही हात जोडून समितीला नमस्कार केला.

आणि समितीनं ते प्रात्यक्षिक दुसऱ्यांदा पाहिलं.