सरळ रेषेवरील स्वारी आणि अहमदपूरच्या घागरी

खडूची शपथ वाहून, जैसे घडले तैसे लिहितो. लातूर जिल्हा नुकताच नवा जाहला होता, आणि दुष्काळ मात्र जुनाच, आडांत बादली टाकावी तर दगडावर आपटे. ते समयी अहमदपुरी कॉलेजात गणिताचे खासे सरदार, राजमान्य राजश्री शिवमूर्ती सर यांचा अंमल बहुत कडक होता. कॉलेजापुढे टँकर येई, तेथे घागरींची सरळ रांग लागे. सरांचे फर्मान ऐसे की, ठेवली घागर जागची हलविली तर नंबर बाद. फर्मान करणाराची पितळी घागर रांगेच्या अग्रभागी, टँकरच्या नित्य मुक्कामापाशी असे. ती टँकरवाला आपणच भरी, बाकीच्यांनी जातीने हजर राहावे. मुलींच्या वसतिगृहाच्या घागरी रांगेच्या मध्यावर होत्या.

त्या दिवशी वसतिगृहाची स्वयंपाकीण पारूबाई सकाळीच बोलली, "पोरींनो, रांजण ठणठणीत हाय. घागरीपाशी कुणी न्हाई राहिलं तर पानी जाईल. अन् पानी न्हाई तर भाकर न्हाई." हे बोल पोटात घेऊन वसतिगृहातील सिंधु वर्गात बसली, आणि सरांचा हुकूम सुटला की, तीन क्ष अधिक चार य बरोबर दहा, ही रेषा ध्रुवीय रूपात आणल्यावाचून कोणी उंबरठा ओलांडू नये.

मग फौज चालून गेली. क्षच्या जागी आर कॉस थीटा आणि यच्या जागी आर साइन थीटा बसविले, आणि पुढे वाट खुंटली. एका तुकडीने दोन्ही बाजूंचा वर्ग केला, ती वर्गातच गारद जाहली. इतक्यात बाहेर टँकरचा भोंगा वाजला. सरांस चिंता नव्हती, त्यांची घागर पहिली होती.

तेव्हा सिंधुने खडू उचलिला. तीन व चार यांच्या वर्गांची बेरीज करून, तिचे वर्गमूळ जे पाच, त्याने दोन्ही बाजूंस भागिले. तीन पंचमांश तो अल्फाचा कॉस आणि चार पंचमांश तो साइन मानिला. मग कॉस व साइन यांचा तह होऊन आर कॉस, कंसात थीटा वजा अल्फा, बरोबर दोन, ऐसी फत्ते जाहली.

"हे दोन म्हणजे काय?" सरांनी पुसले.

"सर, मूळ बिंदूपासून रेषा सगळ्यात जवळ येते, तितकं अंतर."

"शाबास! रेषेचा तुकडा घेतला तरी टोकच जवळ असेल असं नाही. लंब पडतो ती जागा जवळ."

बाहेर येऊन पाहतात तो नव्या जिल्ह्याच्या स्वागत कमानीसाठी रस्ता खणलेला, आणि टँकर रांगेच्या मध्यासमोर निंबाखाली अडकलेला. चालक मलप्पा याने पाइप ताणला, तो नेमका वसतिगृहाच्या घागरींपाशी येऊन थांबला.

"पहिला नंबर माझा!" सर गरजले.

"हाव साहेब, नंबर तुमचाच हाय. पाइप तितका न्हाई."

सरांनी घागरीस हात घातला आणि सगळी रांग त्यांजकडे पाहू लागली. फर्मान आठवून हात मागे आला. टँकर रिता होईतो सर घागरीशेजारी उभे राहिले. कोणी हसलेही नाही, हे अधिक जड गेले.

मग सिंधु आपली भरली घागर घेऊन आली आणि निम्मे पाणी सरांच्या घागरीत ओतले, तीस जागची न हलविता.

येणेप्रमाणे रेषा जिंकिली, रांजण भरला, पारूबाईच्या तव्यावर भाकर पडली. सरांनी घरी जाण्याआधी वर्गात येऊन फळा पुसिला, फक्त सिंधुचे उत्तर राखिले.