रखमामावशींचा फर्निचरसकट फ्लॅट

रखमामावशी भाडेकरूकडे आधार कार्ड नंतर मागतात. आधी त्याला पलंगावर झोपायला लावतात.

तासिका तत्त्वावर शिकवायला मी संगमनेरला आले, आणि फर्निचरसकट परवडेल अशी जागा शोधत त्यांच्या दारात पोचले. त्यांनी वरचा फ्लॅट उघडला आणि म्हणाल्या, "आदी झोपून बघा मॅडम. पाच मिन्टं."

मी साडी सावरत, पर्स पोटावर धरून आडवी झाले. मावशी डॉक्टरसारख्या पायथ्याशी उभ्या.

"पाठीला टोचतंय का? कुशीवर व्हा."

मी कुशीवर झाले.

"बरं. ऱ्हावा तुमी हितं."

बारा-तेरा वर्षं खानावळ चालवून त्यांनी घरावर हा मजला चढवला होता. बदली होऊन जाणाऱ्या साहेबलोकांकडून सामान घेऊन तो भरला होता, आणि प्रत्येक वस्तूला त्या साहेबाचंच नाव होतं. "तहसीलदारावर वला टावेल टाकू नका." तहसीलदार म्हणजे खुर्ची. "म्यानेजरचं दार जरा उचलून लावा." हे कपाट. फोनवर मी आईला सहज म्हणाले, माझ्या साड्या मॅनेजरकडे असतात, तर आईने लगेच विचारलं, हा मॅनेजर कोण?

दर रविवारी मावशी वर येत. "सामानाला इचारायला आले," म्हणत. सोफा दाबून बघत, टेबल हलवून बघत, मग मला "बरं हाय ना?" एवढंच. नोव्हेंबरात त्यांनी न मागता दुसरी गादी आणली, डिसेंबरात तिसरी. पलंग इतका उंच झाला की मला स्टुलावर पाय देऊन चढावं लागे.

"मावशी, आता शिडी पण द्या."

"थंडी खालून येती," त्या म्हणाल्या. हसल्या नाहीत.

जानेवारीत मला ताप भरला. त्या रविवारी मावशींनी सोफ्याऐवजी माझं कपाळ दाबून बघितलं आणि धरून मला खाली आपल्या खोलीत नेलं. तिथे मी पहिल्यांदाच गेले. एक चटई, दोन गोधड्या, गॅसची शेगडी. बाकी काही नाही.

"तुम्हाला पलंग नाही?"

"मला कशाला? निम्मा जल्म कोपीत गेला."

पाथर्डीकडून ऊसतोडीला जायचे त्या आणि नवरा, फडावर पाचटाच्या कोपीत राहायचे; खानावळ त्यानंतरची. नवरा आता नाही. गॅसवर पेज ढवळत त्या सांगत होत्या.

"सुशी, माजी लेक, हितंच कालेजात हुती. रिकामी खोली घेतली हुती तिनं. आमी तिकडं फडात. पोरगी थंडीभर फरशीवर झोपली, पन बोलली न्हाई. न्युमोनिया झाला, परीक्षा गेली. मग आमी तिचं लगीनच उरकलं. शिकू द्या म्हनून माज्या पाया पडली हुती."

"आता कुठे असते?"

"शेवगावला. दोन लेकरं हायेत. बरं हाय तिचं." त्यांनी गॅस बारीक केला. "मॅडम, ऱ्हायलेली परीक्षा बाहेरून देता येती का वो? चौतीसची झाली ती."

"येते की."

"मग तुमीच सांगा तिला. माजा फोन ती सनासुदीलाच घेती."

ताप उतरल्यावर, त्यांच्याच खोलीत बसून मी सुशीलाला फोन लावला. मावशी दाराशी डाळ निवडत होत्या, ऐकतच नसल्यासारख्या. फॉर्म कसा भरायचा, कोणते कागद लागतील, सगळं सांगितलं. पलीकडे ती लिहून घेत होती. मग तिनं विचारलं,

"हे आईनं सांगायला लावलं का?"

"हो."

ती म्हणाली, "तिच्याकडं द्या फोन."

मावशींनी हात पदराला पुसले, परत एकदा पुसले आणि फोन घेतला. "सुशे," एवढंच म्हणाल्या, आणि मग नुसतं ऐकत राहिल्या.

शेगडीवरचं दूध वर आलं होतं. मी उठून गॅस बंद केला.