अनंत निघालाय

देगलूरकर मोबाइलमधलं ॲप उघडण्याआधी काचेवर बोटाच्या पेराने दोनदा ठोकतात. टक टक. मग "आहे का कुणी घरात?" असं विचारून थांबतात. हे सगळं हैदराबादेत, कुकटपल्लीच्या भर ऑफिसात, आजूबाजूची माणसं तोंडावर हात धरून हसत असताना.

"अगं बेटा, अक्षरं अजून चपला काढतायत," ते मला समजावतात. "ठैर जरा. कैकू परेशान होतीस?"

मी पुण्याची. मला परेशान व्हायला कारण लागत नाही. त्यात हे गृहस्थ नारायणगुड्याचे, तीन पिढ्यांचे हैदराबादी, निवृत्तीला टेकलेले आणि माझ्या कोडमधल्या चुका काढायला नेमलेले. डबा रोज गारच खातात. गरम करायला उठलं तर म्हणे तेवढ्यात मी नवी चूक करते!

आमचं ॲप गोळ्यांची आठवण करून देतं, पाच भाषांत. मराठी मजकूर देगलूरकरांनी लिहिलेला. बाकीच्या भाषा धडधाकट. मराठी निवडली की स्क्रीन आधी उघडायचा आणि मजकूर मागून यायचा. तोवर वाक्यांच्या जागी त्यांची कोडमधली इंग्रजी नावं दिसायची. ॲप बंद करून पुन्हा उघडलं की सगळं ठीक.

"नवरा यायच्या आधीच अंतरपाट काढलास ना तू!" देगलूरकर सगळ्यांदेखत ओरडायचे.

सोमवारी मॅनेजरने सांगितलं, गुरुवारपर्यंत हे नीट झालं नाही तर मराठी काढून टाकू. मी मनात म्हटलं, सुटले एकदाची. देगलूरकरांनी मात्र त्या दिवशी डबा उघडलाच नाही. दर पाच मिनिटांनी माझ्या खुर्चीमागे टक टक.

"मिळालं का?"

"नाही! आणि तुम्ही मागे उभे राहिलात तर मिळणारही नाही!"

"नक्को रागवू. मी बाजूला उभा राहतो."

बुधवारी नामपल्लीच्या एका बाईंची ईमेलवर तक्रार आली. 'संध्याकाळी अनंत निघालाय म्हणून तुमच्या ॲपने कळवलं. आम्ही पोहे भिजवले. अनंत आला नाही. कोण हा?'

देगलूरकरांचं नाव अनंत.

मग मी, सांगायला लाज वाटते, पहिल्यांदाच मराठीची फाइल उघडून वाचली. तेलुगूत एका गोळीला एक वाक्य. मराठीत चाळीस! 'गोळी घ्या, पण आधी दोन घास खा.' 'पाणी बसून प्या.' 'अनंत ऑफिसातून निघालाय. दारात उभ्या राहू नका, त्याच्याकडे किल्ली आहे.' फाइल इतकी फुगलेली, की ती पोचेपर्यंत स्क्रीन उघडून मोकळा.

"हे काय आहे?" मी कडाडले. "घरी निघालात की सगळ्या गावाला कळवता?"

ते खुर्ची ओढून बसले. "आई आहे गं. कान गेले तिचे, फोन करून काय फायदा? तेलुगू फाडफाड बोलते, पण वाचते फक्त मराठी. मी चिठ्ठी लिहून ठेवली तर म्हणते, तुला काय कळतं! औषधवाल्याचं मात्र ऐकते. पण ॲप उघडून इंग्रजी दिसलं, की घाबरून फोन उशीखाली सारते. आणि मी येईपर्यंत दारात उभी राहते."

मला रडूच आलं. पुण्याची असूनही.

मजकूर हाती आल्याशिवाय स्क्रीन उघडायचाच नाही, अशी सोय मी त्याच दिवशी केली. प्रत्येक गोळीला एक वाक्य ठेवलं. अनंतची वाक्यं फक्त एकाच फोनवर जातात; तेवढं आमच्या मॅनेजरला कळवू नका. गुरुवारी मराठी वाचली.

स्क्रीनच्या तळाशी 'काही सांगायचंय?' असं एक बटण आहे. मराठीत इतके दिवस त्याच्या जागीही आधी इंग्रजी नावच दिसायचं. शुक्रवारी दुपारी त्यातून पहिला निरोप माझ्याकडे आला.

'औषधवाले भाऊ, गोळी घेतली. काल दारात उभी राहिले नाही. अनंताला तेवढं सांगा, डबा गरम करून खात जा. माझं तो ऐकत नाही.'

मी फोन देगलूरकरांपुढे धरला. त्यांनी वाचलं, चष्मा पुसून पुन्हा वाचलं. काचेवर हळूच दोनदा ठोकलं, पण घरात कुणी आहे का, ते या वेळी विचारलं नाही. मग डबा उचलला आणि मुकाट्याने गरम करायला गेले.